ईराचा शेवट

"मग? वाचते की नाही पोर?" शेवंतीने विचारलं.

चिंतामणींनी पुस्तक मिटलं. "शहर वाचतं. ईरा नाही."

"मेल्यांनी पाच भाग राबवून घेतलं आणि शेवटी मारली!" तिने चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

लालबागच्या त्या चाळीत दोघं शेजारी. ती एकटी, ते एकटे. रिटायर झाल्यावर चिंतामणींना कॉलेजातल्या पोरांसाठी लिहिलेली इंग्रजी पुस्तकं वाचायची खोड लागली होती. ही मालिका पुढच्या शतकातल्या मुंबईची, सगळी पाण्याखाली गेलेली. रोज दुपारी ते शेवंतीला गोष्ट मराठीत सांगत. पहिल्या भागात लालबाग बुडालं तेव्हा ती घाबरलीच होती.

"आणि गणपती?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"चाळिसाव्या मजल्यावर बसवतात."

"बरं आहे. विसर्जनाला लांब जायला नको."

शेवंतीचा हा खटाटोप लेकीसाठी. श्रेया मेलबर्नला. वडील गेल्यापासून मायलेकींच्या फोनवर "जेवलीस?" "जेवले. तू?" एवढंच उरलं होतं. मग एकदा कपाट आवरताना शेवंतीला श्रेयाचं एक पुस्तक सापडलं, याच मालिकेचा पहिला भाग. फोनवर ती बोलून गेली, "तुझं पुस्तक वाचतेय हो मी." इंग्रजी तिला कुठलं यायला! पण पलीकडे श्रेया हसली. कितीतरी दिवसांनी. तेव्हापासून दर रविवारी ईरावरून दोघी तासभर भांडत.

"वहिनी, खरं सांगून टाका तिला," चिंतामणी म्हणाले.

"काय सांगू? आई इतकी वर्षं थापा मारतेय म्हणून?" शेवंतीने पदराने ओटा पुसला. पुसलेलाच होता. "हा रविवार जाईल हो. त्याच्या पुढच्या रविवारी परत जेवलीस का."

चिंतामणी बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "अजून एक भाग येणार आहे म्हणे."

"ईरा मेली ना?"

"पुढच्या शतकातली माणसं ती. एकदा मरून भागतंय होय त्यांचं?"

"भाऊ, खरं?"

"गळ्याशपथ."

शेवंतीने बिस्किटांचा अख्खा पुडाच त्यांच्यापुढे सरकवला. चिंतामणींनी दोन खाल्ली, पुस्तक काखेत मारलं आणि आपल्या खोलीत आले. दार लावून घेतलं, रेडिओ मोठा केला आणि फोन लावला.

"बोल गो बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "झालं माझं वाचून."

"काका, पटकन शेवट सांगा," श्रेया म्हणाली. "आईने एव्हाना वाचून संपवलासुद्धा असेल."