वसुबारसेचा घास

रोप होतं तिथे आता नुसता खड्डा होता. चंद्रशेखर गुडघ्यांवर बसला आणि खुळ्यासारखा ओली वाळू चाचपू लागला. पान नाही, काडी नाही.

सहा वर्षं तो या एका रोपाची वाट बघत होता. बहरीनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बागांमध्ये लसूणघासाला मर, म्हणजे मुळापासून सुकवणारा रोग, लागली होती आणि गुरांच्या चाऱ्याचे वांधे झाले होते. मर पचवून उभी राहील अशी जात काढायला तिथल्या शेती खात्याने त्याला जिदहफ्स गावापलीकडे, खजुरांच्या सावलीत हा तुकडा दिला होता. तो मुद्दाम रोगट माती कालवायचा, तिच्यात रोपं लावायचा आणि ती मरताना बघत बसायचा. दर हंगामात झाडून सगळी मेली. हा हंगाम शेवटचा, असं यंदा खात्याने सांगून टाकलं होतं. आणि यंदाच एक रोप टिकलं. फुललंसुद्धा. आता बी धरायचाच काय तो अवकाश होता.

घरी त्याने हे सांगितलं नव्हतं. दरवर्षी आशा लावून तोंडघशी पडला होता बिचारा. बायकोने, मंगलाने विचारलं की म्हणायचा, "खलास! सगळं मेलं."

तेवढ्यात मंगलाच कुंपणातून आत आली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पूजेचं ताट, चेहऱ्यावर उपासाचा शीण.

"अहो, आज वसुबारस ना! पलीकडच्या नजीबभाईंच्या गाईची पूजा करून आले. तुमच्या कामाला यश येऊ दे म्हटलं, आणि तुमच्याच रानातला घास भरवला तिला."

"कुठला?" तो उठून उभा राहिला.

"इथलाच की. एवढं एकच हिरवं होतं. गाईला वाळलेलं कसं द्यायचं? ओढलं तर मुळासकट आलं. बुडख्यापर्यंत सगळं खाल्लंन तिने. ही मुळाची शेपटी उरली, ती प्रसाद म्हणून आणली तुम्हाला." त्याचा चेहरा पाहून तिचा हात थांबला. "का हो? हवं होतं का ते?"

त्याला ओरडावंसं वाटलं. पण मूळ घेऊन तो पाठमोरा झाला आणि खिशातल्या चाकूने त्याने ते उभं चिरलं. मर लागलेलं मूळ आतून तपकिरी पडतं. असं रोप वरून कितीही हिरवं दिसलं तरी पुढे मान टाकतंच. तपकिरी असू दे, तो मनातल्या मनात विनवत होता. देवा, मरणारंच असू दे.

"सांगा ना हो!" मंगला रडकुंडीला आली होती.

"कुजलेलं होतं गं," तो म्हणाला. "तसंही जगलं नसतं. बरं झालं, गाईच्या मुखी तरी लागलं."

आणि ओल्या खोबऱ्यासारखं पांढरंशुभ्र मूळ त्याने मुठीत घट्ट मिटून घेतलं.