विहिरीतली हाक

"ओळखलंस ना मला?" दारातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"ओळखलं. बसा," लेखनिक म्हणाला. सख्ख्या थोरल्या भावाला चक्क 'बसा'! पण 'दादा' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. आईवडील गेल्यावर याच दादाने त्याला अनाथाश्रमाच्या पायरीवर बसवलं आणि मागे वळून न बघता तो चालता झाला. धाकटा घसा फोडून ओरडला होता. काय ओरडला, ते आता त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. रस्त्यावर गलका होता, दादाला ऐकूच गेलं नसेल, अशी मनाची समजूत घालून त्याने जन्म काढला. ती समजूत खरी की खोटी, हे सांगणारा माणूस आज समोर बसला होता आणि याला विचारायचा धीर होत नव्हता.

त्याने सरळ बोरू उचलला. काम होतं हिब्रू धर्मग्रंथाची हाताने नक्कल करण्याचं, तीही कातड्यावर. त्याचा नियम मोठा कडक. प्रत्येक शब्द आधी मोठ्याने उच्चारायचा, मगच लिहायचा. मनातल्या मनात म्हटलेलं चालत नाही.

आणि आज नेमकी कुठली गोष्ट यावी! भावांनी धाकट्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि मग परक्यांना विकलं, ती. लेखनिकाला ती तोंडपाठ होती, तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. विहिरीतला तो पोरगा किती रडला असेल, पण तिथे त्याच्या रडण्याबद्दल एक अक्षरही नाही. ते कळतं कितीतरी पुढे, भाऊ स्वतः संकटात सापडतात तेव्हा, त्यांच्याच तोंडून. हे असं लिहायचं कोणाला सुचलं असेल, या विचाराने तो थक्क व्हायचा.

आज बोरू भावांच्या त्याच कबुलीच्या ओळीवर आला होता.

"तो गयावया करत होता," लेखनिक मोठ्याने म्हणाला, "आणि आपण..." पुढचे 'ऐकलं नाही' हे शब्द त्याच्याने उच्चारवेनात. बोलल्याशिवाय लिहिता येईना. बोरूच्या टोकावरची शाई वाळून गेली.

त्याने बोरू खाली ठेवला.

"दादा, त्या दिवशी मी ओरडलो, ते तुला ऐकू आलं होतं का रे?"

म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "आलं होतं. अजून येतं. 'दादा, मी थोडंच जेवेन,' असं ओरडत होतास तू."