किरण पोचतात तिथवर

"काकी, वाकळ उलटी कर. खालच्या अंगाचे जंतू अजून जितेच असतील!" शाळेतून आलेल्या मुक्तानं पिशवीसुद्धा खाली न ठेवता फर्मावलं.

छबूनं बाजेवर वाळत टाकलेली वाकळ उलटली. एवढ्यानंच तिला धाप लागली. खोकत खोकत ती भिंतीच्या सावलीला टेकली. क्षयाच्या सुया टोचून घेऊन अंगात फारसं त्राण उरलं नव्हतं. तिचं तान्हं पोर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला थोरल्या जावेच्या, दगडाबाईच्या मांडीवर शेळीचं दूध पीत होतं. बरं होईस्तोवर पोराला जवळ घ्यायचं नाही, असं नर्सबाईनं बजावलं होतं.

"नुसत्या उन्हानं मरत्यात व्हय?" दगडाबाईनं लेकीला विचारलं. आज दुष्काळी काम बंद होतं, तरी खडी फोडून आलेले हाताचे फोड ओलेच होते.

"मरत्यातच! उन्हात जंबुपार किरण असतात, डोळ्याला न दिसणारे. ते जंतूच्या आत शिरतात, त्याचं बीजच मोडतात. मग एकाचे दोन होत न्हाईत. वंशच बुडतो!"

"आपल्याला दिसंनात, अन् जंतूला बरं गाठत्यात."

मुक्ता खळखळून हसली. छबू हसली नाही. ती उठली, वाकळ सारून बाजेवर बसली आणि सूर्याकडे तोंड करून तिनं आ वासला.

"काकी, हे गं काय?"

छबूनं छातीवर बोट ठेवलं. तोंड मिटलं नाही.

मुक्ताचा आवाज उतरला. "न्हाई गं काकी. ते वरवरचेच मारतात. वाकळेवरचे, कापडावरचे. छातीपत्तूर न्हाई पोचत."

छबूनं ऐकलं. तशीच बसून राहिली. पोर रडू लागलं, तशी तिची मान तिकडे वळली आणि पुन्हा उन्हाकडे फिरली.

बराच वेळ गेला. भिंतीची सावली सरकत सरकत तिच्या गळ्याशी आली.

"आई, तू तरी सांग ना तिला."

दगडाबाईनं पोर मुक्ताच्या हाती दिलं. गुडघ्यांवर हात रेटत ती उठली. बाजेच्या कडेचं गातं धरून तिनं छबूसकट बाज भिंतीपासून लांब उन्हात ओढली.

"वर बघ," ती म्हणाली. "हाय अजून ऊन."