बुधवार, संध्याकाळी सात

म्युरिएलताईच्या पत्राला मी उत्तर दिलंच नाही. तिनं लिहिलं होतं, ‘नाताळला इकडे ये. लहानपणीसारखे टीव्हीच्या कार्यक्रमांना गोल काढू. मी हिरव्या शाईनं, तू निळ्या. येतोस ना?’

मी लिहायचो, मनासारखं उतरायचं नाही, कागद फाडायचो. दोन वर्षं अशीच गेली. मार्चमध्ये ताई गेली.

तेव्हापासून मी घेतलेल्या टीव्हीच्या साप्ताहिक कार्यक्रमपत्रिकेत बीबीसीच्या पानावर, रोज संध्याकाळच्या एका कार्यक्रमाला हिरवा गोल असतो.

आज शनिवारी नवा अंक घेताना दुकानातच, दुकान चालवणाऱ्या मिसेस गॉरिंजना तो दाखवला.

“अहो विल्फ्रेड, गठ्ठा तुमच्यासमोर सोडला ना? गोल काढत बसायला मला दुसरे उद्योग नाहीत का? हा घ्या, कोरा करकरीत.”

त्यांनी पान उघडून दाखवलं. खरंच कोरं होतं. मी अंक हातात घेतला, आणि गोल होता. त्यांनी गल्ला बंद केला. पैसेही घेतले नाहीत.

घरी चहा निवेपर्यंत पानं चाळली. बुधवारी सातला बागकामाचा कार्यक्रम आहे. त्याला हिरवा गोल आहे आणि शेजारी निळाही. माझ्याच हातचा, टोकं न जुळलेला. घरात निळं पेन नाही. मी पेन्सिलीनं लिहितो.

गुरुवारी, शुक्रवारी एकही गोल नाही.

मग ताईच्या पत्त्यावर लिहिलं, ‘ताई, उशीर झाला. बुधवारी सातपर्यंत पोचतो.’ अक्षर बरं आलं नाही, तरी या वेळी फाडलं नाही. तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं.