सातव्या पिंजऱ्यातलं रक्त

प्रयोगातल्या उंदरांना सहा महिने केमोचं औषध टोचलं जात होतं. सातव्या पिंजऱ्यातला उंदीर मात्र तुलनेच्या गटातला. त्याला नुसतं मिठाचं पाणी मिळे, तरीही मूत्रपिंडं बिघडल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन त्याच्या रक्तात वाढत चाललं होतं.

ते आकडे संशोधक मुलीला तोंडपाठ होते. सोमवारी उंदराच्या अहवालात जे येई, तेच मंगळवारी, अगदी दशांशासकट, तिच्या बाबांच्या अहवालात येई. बाबांना इस्पितळात तेच औषध चालू होतं.

आज प्रयोग संपत होता. शेवटच्या दिवशी प्रत्येक उंदराला भूल देऊन त्याचं सगळं रक्त काढून घेतात. ती धावतपळत प्राणिगृहात पोचली.

"काका, सातव्याला हात लावू नका!"

"अगं, मुहूर्तच त्याच्यापासून केला," हातमोजे काढत तंत्रज्ञ काका म्हणाले. "नळी काठोकाठ भरली बघ."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबांचा आवाज खणखणीत होता.

"बाळा, इथे गंमतच झालीय. या सिस्टर सुया टोचून टोचून दमल्या. दोन्ही हात झाले, पाय झाले, पण माझ्या अंगातून रक्तच येत नाहीये. आणि मला कधी नव्हे इतकं बरं वाटतंय गं."