तांडेलाचा होकार

नरहरी तांडेलानं पायाच्या अंगठ्यानं ओल्या वाळूत रेघ ओढली आणि लांब पडलेल्या सुरूच्या ओंडक्याकडं बोट केलं.

"त्याला वळसा घालून परत हितं. आदी येल तो तांडेल. दुसऱ्यानं त्याचं ऐकायचं. मंजूर?"

"मंजूर, काका." कमलेश चटकन म्हणाला.

नियम मुरबे गावच्या होड्यांवरचाच होता. होडीवर शब्द एकाचाच चालतो, तांडेलाचा. ज्याला वारा जास्त कळतो त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. कमलेश मागणी घेऊन मुरब्याला गेला, तेव्हा नरहरीनं हाच नियम त्याच्यापुढं टाकला होता. "तुमी घाटावरची मानसं, आमी दर्यातली. लोक तोंडात शेन घालतील. आदी वाऱ्यात मला मागं टाक, मंग तुजं ऐकीन."

कमलेश मूळचा सोलापूरकडचा, तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. बाप लहानपणीच गेलेला. आई मंदानं शिलाईवर वाढवलं. मायलेक सरावलीला राहत. पोहण्याच्या नावानं शंख. कंबरभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी गडी काठावरूनच माघारी वळे. पण वारा काय फक्त पाण्यावरच वाहतो?

बोईसरच्या भंगारवाल्याकडं एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान येऊन पडलं होतं. फळीवर उभं राहून लाटांवरून पळतात, त्या खेळाची दोन शिडं, डोलकाठ्यांसकट. ती बघितली आणि कमलेशच्या डोक्यात किडा वळवळला. लोखंडी पाइप जोडून सांगाडा, सिमेंटच्या ढकलगाडीची चाकं, पुढं एक, मागं दोन. बसायला पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची. पायानं वळवायचं, हातात शिडाची दोरी. अशा अगदी सारख्या दोन गाड्या त्यानं केल्या आणि एक नरहरीला सरावाला दिली. म्हातारा त्यात असा रमला, की जेवायला हाका मारमारून लेकीचा घसा बसला.

लेक म्हणजे मेघाली. आई गेल्यापासून घर तीच सांभाळत होती आणि बोईसरच्या बाजारात सुकी मासळीही विकत होती. तिच्या पाटीपाशीच या सगळ्याची सुरुवात झालेली.

आता ती कमलेशजवळ सरकली. वारा समुद्रावरून नुसता घोंघावत होता. ओहोटीनं वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक झाली होती.

"मी सांगितलं म्हनून बोलू नको," ती कुजबुजली. "झोत आला की बाबा दोरी सैल सोडतात. होडी उलटू नये म्हनून. हाडात भिनलंय त्यांच्या. तू सोडू नको."

"आणि उलटलो तर?"

"वाळूत पडशील. बुडनार तर नाय!" ती हसली, पण डोळे काळजीचे होते. तिनंही देव पाण्यात घातले होते. "बाबा हो म्हनले ना, तर मी हितंच नाचनार हाय."

सुरूच्या सावलीत मंदा चहाचा थर्मास घेऊन उभी होती. निघतानाच तिनं लेकाला बजावलं होतं, "आजही नाही म्हणाले तर विषय संपला. पुन्हा त्यांच्या दारात जायचं नाही." 

नरहरीनं कमलेशच्या गाडीचं फाटून शिवलेलं शीड निरखलं. "कोनी शिवलं?"

"आईनं."

त्यानं टाक्यांवरून हळूच अंगठा फिरवला. "टाका बरा हाय," एवढं बोलून तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

मेघालीनं वर धरलेली ओढणी खाली केली आणि गाड्या सुटल्या!

शिडं फाडकन फुगली. चाकांखालची वाळू तोंडावर उडू लागली. कमलेश आनंदानं ओरडला, आपण ओरडतोय हेही त्याला कळलं नाही. नरहरी मात्र खुर्चीत असा बसला होता जणू ओटीवर बसलाय. ओंडक्याला वळसा त्यानंच आधी घातला, तोही इतका जवळून, की कमलेशच्या तोंडचं पाणी पळालं.

परतीला दोन्ही गाड्या भन्नाट निघाल्या. नरहरी पुढं, कमलेश मागं. रेघ दिसू लागली. आणि तेवढ्यात समुद्रावरून झोत आला.

नरहरीचा हात आपोआप सैल झाला. कमलेशनं दात-ओठ खाऊन दोरी छातीशी ओढली. गाडी कलली, एक चाक हवेत गेलं, डोलकाठी वाकून करकरली. आता गेलो! पण गाडी गेली ती पुढंच. नरहरीची गाडी बाजूला आली, मागं पडली आणि रेघ चाकाखालून निघून गेली.

मेघाली ओरडत, उड्या मारत धावत आली. तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

 नरहरी गाडीतून उठला, लेंग्याची वाळू झटकली.

"काका," कमलेश धापा टाकत म्हणाला, "शब्द दिला होता तुम्ही."

"तांडेलाचा शब्द हाय. फिरत नाय."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. कमलेश आणि मेघाली शेजारी शेजारी श्वास रोखून उभे होते. त्या दोघांना ओलांडून तो सुरूच्या सावलीत गेला आणि मंदासमोर थांबला.

"मंदाबाय," तो खाली वाळूकडं बघत म्हणाला, "पोरांनी आपलं दोगांचं लगीन ठरवलंय. मी हरलो, माजा होकार हाय; आता तुमचं काय ते तुमी सांगा."