विहिरीतली गार

रुख्मिणीचं लग्न १९६२ सालचं. त्या वर्षी रामनवमीला वरवट बकालला गारपीट झाली आणि जात्याएवढी एक गार तिच्या बापाच्या, शालिग्रामच्या, विहिरीत पडली.

बाकीच्या गारा दिवस मावळायच्या आत विरघळल्या. ही मात्र हनुमान जयंती आली तरी तरंगत होती. तिच्या पोटात एक काळी सावली होती. वारा नसतानाही गार सरकायची, आणि शालिग्राम ज्या काठाला उभा राही तिकडेच येऊन टेकायची. एका सकाळी विहिरीतल्या कासवाचं रिकामं कवच तिच्यावर दिसलं.

"भगवंता, उतरू नको बे. मले तिचा भरोसा नाही," लग्नासाठी बर्फ फोडून आणायला निघालेल्या भाच्याला शालिग्राम म्हणाला.

"मामा, बरफाले भेता काय? मंग वऱ्हाडाले थंड सरबत कायचं पाजता?" भाचा हसत पायऱ्या उतरू लागला.

शालिग्राम पलीकडच्या काठाकडे धावला. गार आपल्यामागे यावी, पोरापासून लांब राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

ती आली. मुकाट्यानं त्याच्या पायाखालच्या दगडाला टेकली. त्यानं वाकून पाहिलं. पोटातली काळी सावली नव्हती. तिथं आरपार भोक होतं.

समोर भगवंता कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

रुख्मिणीचा आतेभाऊ भगवंता हनुमान जयंतीच्या दुपारी वारला.